ओम्नी: क्लच पेडल अर्ध्यावर अडकतं, वायर चार महिन्यांपूर्वीच बदलली आहे

चाकोरी:
गाडी २००६ ची मारुती ओम्नी, पेट्रोल, एमपीएफआय (इंजेक्शनवाली). क्लच दाबून सोडला की पेडल वर येताना अर्ध्यावर थांबतं, चवड्याने उचलावं लागतं. गाडी गार असताना कमी, अर्धा तास चालली की जास्त. रिव्हर्स टाकताना खरखर होते. चार महिन्यांपूर्वी क्लच वायर (पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत नळीतून जाणारी तार) बदलली, त्यानंतर महिनाभर पेडल लोण्यासारखं होतं. आता गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट टाकायचा सल्ला मिळालाय. त्याआधी घरी काय तपासता येईल?
बाकी गाडी ठीक. सकाळी स्टार्टर जरा आळसावून फिरतो, पण बॅटरी सहा महिन्यांचीच आहे, ते नंतर बघेन.

पाना_दहाबारा:
गिअरबॉक्स लगेच उतरवू नका. आणि कोणी मास्टर सिलिंडर बघा, एअर काढा म्हटलं तर ऐकू नका. ओम्नीचा क्लच वायरचा आहे, त्यात ऑइल नसतंच.

दोष तीनच ठिकाणी असू शकतो: पेडल, वायर किंवा बेल हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं कवच) आत. वेगळं काढायला अर्धा तास लागतो. चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, हँडब्रेक ओढा. गाडी उचलायची असेल तर स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरू नका.

गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचच्या दांडीवर वायरचा ॲडजस्टिंग नट आहे. किती आटे बाहेर दिसतात ते मोजून ठेवा, मग नट काढून वायर दांडीतून सोडवा. आता दांडी हाताने हलवा. आधी २ ते ४ मिमी मोकळी हलली पाहिजे, मग एकदम कडक लागते. तो कडकपणा प्रेशर प्लेटचा, तो बरोबर आहे. त्या मोकळ्या भागातच दांडी करकरत असेल किंवा जागेवर परत येत नसेल तर दांडीच्या शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) गंजलेत. मग मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

दांडी ठीक असेल तर पेडलकडचं टोकही काढा. वायर नसताना पेडल एका बोटाने हललं पाहिजे. अडलं तर बुश आणि रिटर्न स्प्रिंग बघा. पायाखालचं मॅटही बघा, जाड रबरी मॅट दुमडून पेडलच्या मागे अडकतं. हसू नका, हे होतं.

उरली वायर. बाहेर काढून आतली तार ओढा, आधी सरळ धरून, मग बसवलेली असताना जितका वळसा असतो तितकाच देऊन. सरळ असताना मोकळी आणि वळशात अडकते, याचा अर्थ आतली प्लास्टिकची नळी खराब झालीय. आत तेल घालून तीच वायर वापरायच्या भानगडीत पडू नका, धूळ धरून आठवड्यात आणखी जड होते.

आणखी एक. प्लेट झिजल्याने येणारा जडपणा काही महिन्यांत हळूहळू वाढतो आणि पेडल दाबताना जाणवतो. तुमचं पेडल वर येताना अडकतंय. मला वायरच वाटते.

काळा_टर्मिनल:
वरच्या सगळ्याशी सहमत. पण नवी वायर चार महिन्यांत का गेली? उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे, जी तुम्ही नंतर बघणार आहात.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसतात, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले. त्यांना बॉडीशी जोडते ती अर्थची (अर्थिंगची) पट्टी. ती गंजली किंवा तुटली की स्टार्टरचा शंभर अँपिअरच्या आसपासचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो. क्लचची वायर ही अशीच एक आयती वाट: एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं पेडलवर, म्हणजे बॉडीवर. प्रत्येक स्टार्टला ती तापते, आतली नळी थोडी थोडी वितळते आणि तार धरून ठेवते. ॲक्सिलरेटरची वायरही अशीच जाते, तीही जड झालीय का बघा.

तपासणी: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबाच्या शिशावर), लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर स्वच्छ धातूला. गाडी न्यूट्रलला. दुसऱ्याने ३-४ सेकंद स्टार्टर मारायचा. ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.५ च्या वर असेल तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर जंपर केबल (दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड तार) बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकला लावून स्टार्टर मारा. चटकन फिरला तर कळलंच.

चाकोरी:
मीटरवर १.६ आलं. जंपर लावून स्टार्टर एकदम झटक्यात फिरला. वायर काढली तर गिअरबॉक्सकडच्या वळणावर वरचं प्लास्टिक फुगून तपकिरी झालंय. सरळ धरूनही तार अडकते. दांडी आणि पेडल मोकळं आहे. अर्थची पट्टी वरून ठीक दिसते, बोल्टखाली हिरवट पावडर आहे.

काळा_टर्मिनल:
ती वरून नेहमी ठीकच दिसते. पट्टी नवी टाका, जुनी घासून पुन्हा लावू नका, विणलेल्या तारांच्या आतही गंज शिरलेला असतो. दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चमकेपर्यंत काढा, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावा. बॅटरीची काळी तार बॉडीला जिथे बसते ती जागाही तशीच साफ करा. मीटर ०.२ च्या आत आल्याशिवाय नवी क्लच वायर बसवू नका, नाहीतर तीही जाईल.

पाना_दहाबारा:
बसवताना वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आणि मूळच्या क्लिपांमध्येच न्या, वळणं मोठी ठेवा. दोन्ही टोकांची रबरी टोपणं फाटकी नकोत, तिथूनच पावसाचं पाणी आत शिरतं. नट आवळताना पेडलला वर २० मिमीच्या आसपास मोकळा खेळ ठेवा. पेडल हलकं लागावं म्हणून खेळ शून्य केला तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेट घसरून जळते. मग इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर गेली असेल तर सेटचे पैसे वाचले. नवी वायर थोडी ताणते, ५०० किमीनंतर खेळ पुन्हा मोजा.