पहिली बाईक कोणती घेऊ?

नवा_गडी: आजवर फक्त स्कूटर चालवलीये, गिअरची सवय नाही, उंची ५ फूट ४ इंच. मित्र म्हणतात डायरेक्ट ४०० सीसी घे, नंतर बदलायला नको. काय करू?

क्लचवायर: मित्रांचं ऐकू नकोस भावा, १२५ ते १६० सीसीमधलं काहीतरी हलकं घे. शोरूममध्ये नुसतं बसून बघू नकोस, स्टँड काढ, दोन्ही पाय टेकतात का बघ आणि बसल्या बसल्या गाडी पायाने मागे ढकल, तिथेच कळतं झेपते की नाही. आणि एबीएसवालीच घे, नवीन माणूस घाबरला की ब्रेक करकचून दाबतोच, एबीएस असेल तर चाक लॉक होत नाही.

नवा_गडी: सेकंडहँड चालेल का?

घाटवाट: पहिली तर सेकंडहँडच बरी, पडली तरी जीव तुटत नाही. फक्त टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाच, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, इतका जुना असेल तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बदलूनच घे.

क्लचवायर: आणि हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढ, उरलेल्यात बाईक बघ.