मदत हवी आहे : अँकर स्टीमच्या जवळ जाणारी बिअर घरी कशी करावी?

गाळण
बे एरियातल्या आणि इतरही जाणकारांना प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी १८९६ पासूनची. बुडायला आलेली असताना १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी ती सावरली, २०१७ मध्ये जपानच्या सप्पोरोने घेतली आणि जुलै २०२३ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये चोबानी दह्याचे हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली, पण ती पुन्हा सुरू होईपर्यंत ही चव हातातून जाऊ नये असं मनापासून वाटतं. १९ लिटरची ऑल-ग्रेन (अर्क न वापरता थेट दाण्यांपासून) बॅच करायची आहे. ३५ लिटरचं पातेलं, ३० लिटरची झाकणाची फूड-ग्रेड बादली, जुना फ्रिज आणि तापमान कंट्रोलर आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) आणि हॉप्स (कडवटपणा-वासाची फुलं) यांचं प्रमाण काय? यीस्ट कोणतं? आणि तिथल्या उथळ, उघड्या टाक्यांना घरी पर्याय काय?

सातू
घटक अगदी साधे आहेत. टू-रो पेल माल्ट ४.१ किलो, क्रिस्टल ४० माल्ट ४५० ग्रॅम. १३ लिटर पाणी ७३ अंशांना तापवून त्यात माल्ट ढवळलं की मॅश (हे माल्ट-पाण्याचं मिश्रण) ६६-६७ वर स्थिरावतो. तिथे तासभर ठेवा. दाणे गरम पाण्याने धुऊन २५ लिटर गोड रस काढा, तासभर उकळून २० लिटर उरतो. ओजी (आंबण्याआधीची ग्रॅव्हिटी, म्हणजे रसाची पाण्याच्या तुलनेत घनता) १.०५० च्या आसपास यायला हवी.

हॉप्स फक्त नॉर्दर्न ब्रुअर. अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल) ८.५ टक्के धरून ६० मिनिटांना २८ ग्रॅम, शेवटच्या १५ मिनिटांना १५ ग्रॅम, गॅस बंद करताना २० ग्रॅम. पाकिटावर अल्फा १० असेल तर पहिला हप्ता २४ ग्रॅमवर आणा. लाकूड-पुदिन्यासारखा जो वास आहे तो याच हॉप्सचा. कॅस्केड घातलंत तर बिअर छान होईल, पण ती अँकरच्याच लिबर्टी एलच्या वाटेने जाईल.

पाण्याचं विसरू नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळाला हेच हेची धरणाचं मऊ पाणी येतं, पण त्यात क्लोरामिन (जंतुनाशक) असतं. क्लोरिन उकळून सहज उडतं तसं ते उडत नाही आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. सगळ्या पाण्यात (साधारण ३० लिटर) क्लोरामिन घालवणारी कॅम्पडन गोळी अर्धी चुरून टाका. कॅल्शियमसाठी ३ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड.

थंडगार
माझ्या मते सगळी बिअर यीस्ट आणि तापमानात आहे. लागर (थंडीत आंबवायची बिअर) यीस्ट, पण लागरपेक्षा गरम. डब्ल्यूएलपी ८१० किंवा वायईस्ट २११२. सुकं हवं असेल तर मँग्रोव्ह जॅकचं एम५४, दोन पाकिटं. द्रवरूप यीस्टला दीड-दोन लिटरचा स्टार्टर (यीस्ट आधी वाढवायचं छोटं द्रावण) करा, लिटरला १०० ग्रॅम सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट.

रस १५ अंशांपर्यंत गार करून मगच यीस्ट घाला आणि १६ वर ठेवा. २० च्या वर गेलं की फळांचा वास चढतो. कंट्रोलरचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लटकवू नका. बादलीच्या बाहेरून, रसाच्या पातळीखाली चिकटवून वर फोमचा तुकडा बांधा. ऐन जोरात असताना रस हवेपेक्षा तीन-चार अंश गरम असतो.

उथळ टाक्या आल्या त्या बर्फ मिळत नव्हता म्हणून, उष्णता पटकन निघून जावी यासाठी. तुमच्या बादलीत १९ लिटरची खोली फुटाच्या आतच राहील, ती पुरे. झाकण मात्र उघडं ठेवू नका. अँकरच्या खोलीत गाळलेली हवा असे. गॅरेजात चिलटं आणि आंबूस जिवाणू येतात.

गाळण
दोघांचेही आभार. लोण्याचा वास टाळायचा कसा? आणि फेस धरण्यासाठी अँकर क्रॉयझनिंग (तयार बिअरमध्ये आंबत असलेला ताजा रस मिसळणं) करत असे, ते बाटलीत जमेल?

थंडगार
ग्रॅव्हिटी १.०२० वर आली की १९ अंशांवर न्या, तीन दिवस. मग दोन झाकलेले ग्लास घ्या. एक २० मिनिटं ६० अंशांच्या पाण्यात धरा, गार करा आणि दोन्ही हुंगा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम बाकी आहे, थांबा. अंड्यासारखा गंधकाचा वास आला तर घाबरू नका, लागर यीस्टचा तो जातो.

सातू
जमेल. यीस्ट घालण्याआधी दीड लिटर रस बाजूला काढून फ्रीझरमध्ये ठेवा. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी उकळून गार करा, चिमूटभर यीस्ट घाला. फेस आला की मुख्य बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळा. साखर वेगळी घालायची नाही. हे नको असेल तर १२५ ग्रॅम साखर उकळून घाला. दोन्ही एकत्र केलंत तर बाटल्या फुटतील. मुख्य बिअरची ग्रॅव्हिटी लागोपाठ तीन दिवस १.०१२ ते १.०१४ मध्ये एकाच आकड्यावर राहिली नसेल तरीही फुटतील. भरल्यावर दोन आठवडे २० अंशांवर, नंतर फ्रिजमध्ये.