मदत हवी आहे : संरक्षण कंपनीतील सॉफ्टवेअर मुलाखत

नमस्कार. मी खानापूरचा असून, विमानांतील उपकरणांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बेंगळुरूच्या एका खासगी संरक्षण कंपनीत पुढील आठवड्यात माझी मुलाखत आहे. सी भाषेची तयारी झाली आहे; परंतु विमानातील सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेसाठीच्या २०११ च्या डीओ-१७८सी मानकात सर्वांत गंभीर ‘ए’ स्तरासाठी (जिथे बिघाड झाल्यास विमानच धोक्यात येऊ शकते) जे एमसी/डीसी कव्हरेज मागितले आहे, म्हणजे निर्णयातील प्रत्येक अट एकटीने निकाल बदलू शकते हे चाचणीने दाखवणे, ते कागदावर सोडवायला देतात का? तीन अटींना किमान चार चाचण्या लागतात, इतपत मला जमते.

अधिक काळजी पोलीस पडताळणीची आहे. शिक्षण कोल्हापूरला झाले, आधारवर पत्ता खानापूरचा आहे आणि शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे आहे. हे मुलाखतीतच सांगावे की निवडीनंतर? बेळगाव भागातून या क्षेत्रात गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.