मदत हवी आहे: पाड्यावरच्या शिक्षण केंद्राभोवतीची जमीन कशी आखावी?

नमस्कार. डहाणू तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडं आत, टेकडीच्या पायथ्याशी आमचा पाडा आहे. मी स्वतः वारली, पाड्यावरचीच, शाळेत शिकवते. ग्रामसभेने दोन एकर उताराची जागा केंद्रासाठी ठेवली आहे. मुलांची अभ्यासिका, तारपा (आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) बनवायला आणि वाजवायला शिकण्याची जागा, चित्रांची भिंत, बियाण्यांची कोठी असं सगळं तिथे असेल. चालवणार आम्हीच. इमारत छोटी, कौलारू, तिचं ठरलंय. अडलंय ते भोवतालच्या जमिनीपाशी.

देणगीदारांनी एक आराखडा करून पाठवला. पुढे हिरवळ, फाटकापासून पेव्हर ब्लॉकचा रस्ता, दोन्ही बाजूंना रॉयल पाम, मागे पार्किंग. समितीने तो एकमताने परत केला. एप्रिल-मेमध्ये आमच्या बाया हंडे घेऊन विहिरीवर ताटकळतात, तेव्हा हिरवळीला पाणी कोण मारणार आणि का? शिवाय जिथे पार्किंग दाखवलंय तिथे मोहाची मोठी झाडं उभी आहेत. नकाशात ती नाहीतच.

मग आम्ही म्हाताऱ्या माणसांना जागेवर नेलं आणि विचारलं. त्यांचं म्हणणं असं. नाचाला मोकळी, घट्ट जमीन हवी, कारण तारपावाला मध्ये असतो, त्याच्याभोवती सगळे अनवाणी फिरतात. फरशी चालणार नाही. मोहाखाली बाक नको, फुलझाडं नकोत, फुलं पहाटे गळतात आणि ती वेचायला खालची जागा झाडून ठेवावी लागते. ओढ्याकडच्या उतारावर शेवळं, कंटोली, लोत या रानभाज्या येतात, तिथे कुदळ लावू नये. शिवेवर वाघदेव आहे, त्याची वाट अडू नये आणि तिथे दिवे, बोर्ड काही लागू नयेत.

मला स्वतःला आणखी एक हवंय. तारप्याला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान लागतं. हे तिन्ही आवारातच असावं, म्हणजे मूल वेल लावेल, त्याच वेलीचा भोपळा वाळवेल आणि त्याचाच तारपा वाजवेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच बोर्डी-कोसबाड भागात गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. उघड्यावर शिकणं इथे नवीन नाही.

अडचणी: नाचाच्या जागेवर पावसात टेकडीचं पाणी येतं आणि चिखल होतो, ठेकेदार काँक्रीट आणि पाइप सांगतो. मोहापासून पाया किती लांब ठेवावा? आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेलं देणगीदारांना पटेल असं कागदावर कसं आणायचं?

प्रतिसाद १

ताई, आराखडा काढणाऱ्याला भर पावसात जागेवर बोलवा. पाणी जिथून शिरतं आणि जिथे थांबतं तिथे खुंट्या मारा, त्या खुंट्या हाच पहिला नकाशा. पाइप घालू नका, पालापाचोळ्याने तुंबतो. नाचाच्या जागेच्या वरच्या अंगाला समपातळीवर उथळ चर काढा, काढलेली माती चराच्या खालच्या काठावर बांधासारखी घाला, आणि जादा पाण्याला दगड बसवलेली सांडवाट करून ओढ्याकडे सोडा. समपातळी काढायला बांबूची ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराचा सांगाडा) आणि ओळंबा पुरतो, मुलंसुद्धा करतील.

जमिनीसाठी काँक्रीटची गरज नाही. वरची भुसभुशीत माती काढा (टाकू नका, वाफ्यांना लागेल), मुरूम चार-सहा इंचांच्या थरांनी ओला करून धुमसाने चोपा. तारपावाल्याची जागा किंचित उंच ठेवून चहूकडे उतार द्या, पन्नास फुटांना एक फूट. वर शेणमातीचं सारवण, तेही सुगीनंतर, पाऊस गेल्यावर.

मोहाबद्दल मात्र हट्ट धरा. फांद्यांचा घेर जिथवर पोचतो तिथवर खोदकाम, भराव, गाड्या काहीही नको. पाया त्याच्याही बाहेर. मुळं घेराच्या पुढे जातात आणि बरीचशी वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. बुंध्याभोवती भराव घालून पार बांधायची सूचना कुणीतरी नक्की करेल. दबलेल्या मुळांना हवा मिळत नाही, झाड काही वर्षांत वाळतं. आणि चित्रांच्या भिंतीवर छपराची वळचण चांगली तीन-चार फूट पुढे काढा, तांदळाच्या पिठाचं काम पावसाच्या झडीत टिकत नाही.

प्रतिसाद २

शेवळ्याचा कंद जमिनीत झोपलेला असतो, पहिल्या पावसाला फुलोरा वर येतो, पान मागाहून. म्हणून तो उतार नांगरू नका, पाचोळा जाळू नका, काही फुलोरे न खुडता सोडा. मोह नव्याने लावायचा असेल तर बी साठवू नका, फळं पडली की लगेच पेरा. ते लवकर निकामी होतं. कुंपणाला करवंद आणि निर्गुडी. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

कागदाचं म्हणाल तर डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, त्यामुळे परवानग्या आधी तपासा. तुमचा भाग पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो. म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या जागा नकाशावर टाका आणि तो नकाशा ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. मग देणगीदारांपुढे एकट्या शिक्षिकेचं मत नसेल, गावाचा निर्णय असेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ठरावाचं पुढच्याच सभेत घेते, ए-फ्रेम सातवीच्या मुलांकडून करून घेते. गाड्या फाटकाबाहेर थांबतील, आत पायवाटच, हेही त्यात लिहू. आता जूनमध्ये जागेवर येऊन म्हाताऱ्यांसोबत बसून आराखडा काढेल असं डहाणू, तलासरी, पालघरकडचं कुणी आहे का? मानधन देऊ. एकच अट आहे, आराखड्यावर समितीचं नाव आधी येईल.