नेपल्समध्ये एकच म्युझियम बघायचं तर कोणतं? (सोबत सासूबाई आणि लेक)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात इटलीला निघालोय. रोमचं सगळं ठरलंय, घोडं अडलंय नेपल्सपाशी. सोमवारी रात्री पोचतोय, मंगळवार-बुधवार हातात, गुरुवारी पहाटे परतीचं विमान. सोबत सासूबाई (वय ६९, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी) आणि नऊ वर्षांची लेक, जिला सध्या ज्वालामुखीशिवाय काही सुचत नाही. त्यामुळे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पोम्पेई करायचंच आहे. उरलेल्या दिवसात काय बघावं? रोममध्ये पुतळे बघून सगळे विटलेले असतील, हेही धरून चला.

मिलानचा_मुक्काम:
आधी वार बघा. पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. सानसेवेरो चॅपलही मंगळवारी बंद. कापोदिमोन्ते आणि सान मार्तिनो ही संग्रहालयं बुधवारी बंद. म्हणजे मंगळवारी पोम्पेई, बुधवारी पुरातत्त्व. पोम्पेईला गारिबाल्दी स्टेशनातून सर्कुमवेसुव्हियाना गाडी मिळते, उतरायचं ‘पोम्पेई स्कावी’ला. गाडीत गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात.

खेळणा_नदीकाठचा:
वरच्यांनी सांगितलं ते सोन्यासारखं. मी मंगळवारीच गेलो होतो. दारावरची पाटी वाचली, समोर कॉफी प्यायलो, परत आलो. चूक माझीच, घरून वार बघून निघालो नव्हतो.

माझं उत्तर पक्षपाती आहे, हेही कबूल करतो. माझं गाव भोकरदन, जिल्हा जालना. नेपल्सला मी गेलो तो एका हस्तिदंती बाईसाठी. पोम्पेईत १९३८ साली उत्खननात एका घरात ती सापडली. उंची साधारण २५ सेंटीमीटर, वीतभराहून जरा जास्त. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायात जवळजवळ गुडघ्यापर्यंत वाळे, कमरेला मेखला, पाठीवर वेणी, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. मला तर आमच्या बाजारात येणाऱ्या लमाण बायाच आठवल्या. अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही. सगळे तिला ‘पोम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण बरेच अभ्यासक ती यक्षी असावी असं मानतात. डोक्यात वरून भोक पाडलेलं आहे, त्यावरून आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावा असा अंदाज आहे.

आता आमच्या गावाचा संबंध. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावं आहेत. १९७०च्या दशकात इथे उत्खनन झालं, तेव्हा अशाच घडणीची तुटकी हस्तिदंती मूर्ती मिळाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही एक मिळाली, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. म्हणून ही बाईही सातवाहनांच्या काळात आपल्याच भागात घडली असावी, असं काही जण म्हणतात. तळाशी खरोष्ठी (वायव्येकडची जुनी लिपी) अक्षर असल्यामुळे काहींना ती वायव्येकडून गेली असं वाटतं. मी भोकरदनचा, माझं मत विचारू नका. पण इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती तिथे घरात होती, एवढं नक्की.

एक अडचण. ती पुरातत्त्व संग्रहालयाच्या ‘गुप्त दालनात’ आहे, म्हणजे पोम्पेईत निघालेली सगळी चावट चित्रं आणि वस्तू जिथे ठेवल्यात तिथे. १८१९ मध्ये तिथला युवराज बायको-मुलीला घेऊन संग्रह बघायला आला आणि हे सगळं कुलपात ठेवायचा हुकूम देऊन गेला. आता सगळ्यांना खुलं आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस लागतं. तुम्ही आळीपाळीने जा. दालन मधल्या मजल्यावर आहे आणि मोझेइकही तिथेच, तेव्हा लेकीला तोपर्यंत मांजराने पक्षी धरलाय ते मोझेइक दाखवत ठेवा. सिकंदर आणि दारियसच्या लढाईचं प्रचंड मोझेइक काही वर्षं दुरुस्तीत होतं, जाण्याआधी चौकशी करा. आणि ज्वालामुखीवेडीला वरच्या मजल्यावर एक भित्तिचित्र शोधायला लावा: द्राक्षांच्या घडांनी अंग झाकलेला मद्यदेव आणि शेजारी व्हेसुव्हियस, शेंड्यापर्यंत हिरवागार. फुटण्याआधीचा!

फार्नेझे घराण्याच्या संग्रहातले अवाढव्य पुतळे तळमजल्यावर आहेत. विटला असाल तर सरळ पुढे चालू लागा. फक्त दमून गदेवर रेललेल्या हर्क्युलिसला मागून बघा, हातात सफरचंदं लपवलीत.

पेठेतली_मी:
बुधवारी दुपारी सानसेवेरो जोडून घ्या, म्युझियमपासून पायी जाता येतं. संगमरवरी झिरझिरीत चादरीखालचा येशू, १७५३चा, जुझेप्पे सानमार्तिनोचा. कापड इतकं खरं वाटतं की चॅपलच्या मालक राजपुत्राने जादूने त्याचा दगड केला अशी दंतकथा पसरली. तिकीट ऑनलाइन, वेळेसकट, आधीच काढा. आत फोटो नाही म्हणजे नाही. हे अख्खं चॅपल अर्ध्या तासात होतं, सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. मंगळवार-बुधवारची अदलाबदल केली, नाहीतर आमचीही कॉफीच झाली असती. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं माहेर जाफराबादचं. “म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातली की ती,” म्हणाल्या. आळीपाळी वगैरे काही नको, त्या पहिल्या जाणार. विचारतायत, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढू देतात का?

खेळणा_नदीकाठचा:
देतात, फ्लॅश बंद ठेवून. काचेत आपलंच तोंड दिसतं, म्हणून जरा कडेने काढा. आणि आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.