बारा वर्षं कसली म्हणून जमीन त्याची?

केळीवाला_यावल: आमचे मोठे काका १९९८ला सुरतला गेले. अडीच एकर 'तुम्हीच पाहा' म्हणून शेजारच्या आप्पांना तोंडी देऊन गेले. पाच-सहा वर्षं दिवाळीला ज्वारीचं पोतं यायचं, मग तेही बंद. आप्पांनी बोअर मारला, ठिबक टाकलं, केळी लावली. यंदा काकांनी मोजणी मागवली तर आप्पांचा दावा हजर: बारा वर्षं उलटली, जमीन माझी. सातबारा काकांच्याच नावे. हा कुठला न्याय?

कपाशी_धरणगाव: न्यायच आहे भो. इतक्या वर्षांत काका बांधावर किती वेळा आले? बोअर फेल गेला असता तर पैसे दिले असते का त्यांनी? आता केळीला भाव आला आणि जमीन आठवली.

केळीवाला_यावल: भावाचा काय संबंध? विश्वासाने दिली होती.

वकील_जळगाव: नुसती बारा वर्षं मोजून भागत नाही. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५. कब्जा मालकाच्या विरोधात गेला (याला 'प्रतिकूल कब्जा' म्हणतात) त्या दिवसापासून बारा वर्षांची मुदत. परवानगीने शिरलेला पन्नास वर्षं राहिला तरी राखणदारच. 'अमुक साली मी यांची मालकी उघड नाकारली' हे आप्पांनी शाबीत करायचं. पोतं थांबलं एवढ्याने ते होत नाही. पूर्वी हा मुद्दा बचावापुरता चालायचा. सुप्रीम कोर्टाच्या २०१९च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालापासून कब्जेदार स्वतः दावा लावू शकतो. आप्पांचं धाडस तिथून आलंय.

तापीकाठ: कायदाच मोडीत काढा. २००८ला सुप्रीम कोर्टच याला अतार्किक म्हणालं होतं.

वकील_जळगाव: म्हणालं खरं. पण २०२३ला विधी आयोगाने बदलाची गरज नाही असा अहवाल दिला.

कपाशी_धरणगाव: बरोबरच दिला. पीकपाहणीला कोणाचं नाव आहे?

केळीवाला_यावल: सगळी वर्षं 'खुद्द'. म्हणजे कागदावर काकाच सुरतेहून केळी लावत होते! पण काकूंच्या ट्रंकेत आप्पांचं एक पोस्टकार्ड सापडलंय, 'पाऊस दगा देऊन गेला, तुमचं पोतं पुढल्या साली पाठवतो.'

वकील_जळगाव: 'तुमचं पोतं'! म्हणजे मालक काकाच हे आप्पांनीच लिहून दिलंय. ते कार्ड जपा, लॅमिनेट करू नका, आणि गावच्या ग्रुपवर फोटो तर अजिबात टाकू नका.

कपाशी_धरणगाव: जिंका मग. बोअरचे पैसे तरी द्या म्हाताऱ्याला.

केळीवाला_यावल: काकांना विचारून सांगतो. ते अजून सुरतलाच आहेत.