बाकूची किल्ल्याजवळची गल्ली: ठेवावी की काढावी?

आर्वीचा पिटवॉल

विसर्जन आटोपलं की दुसऱ्याच दिवशी, शनिवारी २६ सप्टेंबरला, अझरबैजानमधल्या बाकूची फॉर्म्युला वन (एफ-वन) रेस आहे. यंदा रविवार नाही, सोयाबीन काढायला मजूर सांगताना हे लक्षात ठेवा.

रेस जवळ आली की कोणीतरी म्हणतंच की किल्ल्याजवळची ती अरुंद जागा काढून टाका. माझं मत अगदी उलट आहे. ती गेली तर बाकू बघण्यात काही अर्थ उरणार नाही.

६.००३ किलोमीटरचा ट्रॅक. आठव्या वळणावर, जुन्या शहराच्या भिंतीला लागून, रुंदी फक्त ७.६ मीटर. गाड्या गेल्या वर्षीपर्यंत २ मीटर रुंद होत्या, यंदा नवीन नियमांत १.९ मीटर झाल्या. आणि त्याच लॅपमध्ये पुढे २.२ किलोमीटर ॲक्सिलरेटरवरून पाय न उचलता पळायचं. २०१६ मध्ये बोटासच्या विल्यम्स गाडीने तिथे ताशी ३७८ किलोमीटर गाठले होते. आता इंजिनिअरने करायचं काय? विंग, म्हणजे गाडीला हवेने खाली दाबणारा पंख, मोठी लावली की गल्लीत गाडी चिकटून चालते, पण सरळ रस्त्यावर मागचा सहज पुढे निघतो. विंग बारीक केली की सरळ रस्ता आपला, पण भिंतीशेजारी गाडी सरकते. दोन्ही साधणारा सेटअप नाहीच, त्यामुळे प्रत्येक टीमला काहीतरी सोडावं लागतं.

फेरारीच्या लेक्लेरचं बघा. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं इथे पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, त्याचीच, जिंकला एकदाही नाही. २०२४ मध्ये विसाव्या लॅपला मॅक्लारेनच्या पियास्त्रीने पहिल्या वळणावर लांबून उडी घेत त्याला मागे टाकलं, आणि पुढे लेक्लेर मागे लागलेला असताना भिंतींच्या मधून चूक न करता गाडी शेवटपर्यंत नेली. ती गल्ली नसती तर या बचावाला एवढी किंमत आली असती का?

दिग्रसकर

पिटवॉल दादा, तुमच्या मताचा आदर आहे, पण २०२५ चं क्वालिफायिंग, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणारं सत्र, विसरलात का? सहा लाल झेंडे, म्हणजे सहा वेळा सत्र थांबलं. एका सत्रात इतके कधीच झाले नव्हते. जवळपास दोन तास आपण क्रेनच पाहत बसलो. लेक्लेर भिंतीत, पियास्त्री भिंतीत. यात कसब कुठे दिसलं?

२०१८ मध्ये बोटास पहिला होता. तीन लॅप उरले असताना रस्त्यावर पडलेल्या तुकड्याने त्याचा टायर फुटला. तो दिवसभर चांगला चालवत होता, तरी हाती काही लागलं नाही. २०२१ मध्ये आधी स्ट्रोल, मग आघाडीवरचा वेरस्टापेन, दोघांचेही टायर सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात गेले. बाजूला माती नाही, गवत नाही, थेट भिंत. दोघंही चालत बाहेर आले हे नशीब. अशा ठिकाणी माणसं पळवणं मला पटत नाही. २०२४ ला तिथेच एफ-टूच्या (एफ-वनच्या खालच्या पायरीच्या) मुख्य रेसमध्ये आपल्या भारताच्या कुश मैनीची गाडी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, बंद पडली आणि मागच्यांनी येऊन धडक दिली. वळवून निघायला जागाच नव्हती. पोरगा आपला आहे म्हणून नाही म्हणत, कोणाचाही असता तरी हेच म्हटलं असतं.

वरुडचा संत्रेवाला

मले तं पिटवॉलचं पटते. आपल्या इकडं शंकरपट पाह्यला नाई का कोणी? जोडी घड्याळावर पळते, दोन्ही अंगानं माणसं खेटून उभी रायतात, म्हणूनच तं धुरकऱ्याचा कस लागते. मोकळ्या वावरात कोणीबी बैल पळवन. जागा कमी असली का हात दिसते माणसाचा.

दिग्रसकर

भाऊ, पटात जोडी फाकली तर धुरकरी कासरा ओढतो आणि जोडी बाजूच्या शेतात जाते. तिथे दगडी भिंत उभी नसते. माणसं खेटून उभी राहतात हे तर पटाचंही कौतुक नाही, तो धोकाच आहे. आणि बाकूत तेही घडलं. २०२३ ला शेवटच्या लॅपला ओकॉन पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) वळला तर तिथल्या रस्त्यावर, पिटलेनमध्ये, फोटोग्राफर आणि लोक गोळा झालेले. कोणाला काही झालं नाही, पण एक पाऊल इकडे तिकडे झालं असतं तर?

आर्वीचा पिटवॉल

ओकॉनचा प्रसंग मीही श्वास रोखून पाहिला. पण तो आयोजकांचा आणि नियम करणाऱ्या एफआयए संघटनेचा दोष, वळणाचा नाही. २०१९ ला सरावात गटाराचं झाकण उचकटून रसेलच्या गाडीखाली फुटलं, तोही देखभालीचाच दोष. मैनीची गाडी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या सरळ रस्त्यावर बंद पडली, गल्लीत नाही. आणि मोकळ्या जागेने माणूस वाचतोच असं धरू नका. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकला जागा आहे, तरी २०१९ मध्ये एफ-टूचा चालक आंत्वान उबेर तिथेच अपघातात गेला. हा मुद्दा मला सहज मांडता येत नाही, पण टाळताही येत नाही.

आणि "रुंद करा" म्हणजे नेमकं काय? बाजूची भिंत जुन्या शहराची, इचेरीशेहेरची आहे. हे शहर २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. भिंत पाडता येत नाही. तिथल्या दगडी फरसबंदीवरसुद्धा रेसपुरतं डांबर टाकून नंतर काढून घेतलं होतं. म्हणजे रुंदी नाही, मार्गच बदलावा लागेल. मग उरतील नव्वद अंशांची वळणं आणि लांब सरळ रस्ते. तसं तर जगात कुठेही होईल.

चिखलीचा मेकॅनिक

२०२१ च्या टायरबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या तपासात बनावटीचा दोष निघाला नाही. टायर प्रत्यक्षात ज्या स्थितीत चालले ती त्यांच्या अंदाजापेक्षा वेगळी होती. त्यानंतर हवेच्या दाबाची तपासणी कडक केली. त्यामुळे तो दोष गल्लीवर टाकू नका.

पण दिग्रसकर म्हणतात त्यात तथ्य आहे, कारण वेगळं. २.२ किलोमीटर सरळ पळताना टायर आणि ब्रेक दोन्ही थंड होतात. मग ताशी तीनशेच्या वर असताना एकदम ब्रेक. म्हणून माणसं भिंतीत जातात, हात कच्चा असतो म्हणून नाही. यंदा आणखी भर आहे. डीआरएस, म्हणजे सरळ रस्त्यावर मागची विंग उघडून वेग वाढवायची सोय, गेलं, ताकदीचा जवळपास निम्मा वाटा विजेचा आहे. इतक्या लांब सरळ रस्त्यावर बॅटरी शेवटपर्यंत पुरवणं कठीण. कुठे वाचवायची आणि कुठे ओतायची, मला तर यंदा गल्लीपेक्षा हेच बघायचं आहे.

वरुडचा संत्रेवाला

हे बाकी खरं बोललं मेकॅनिक भाऊ.

दिग्रसकर

ठीक, भिंत हलत नाही हे मान्य. पण मग नियम तरी बदला. अमेरिकेच्या इंडीकार मालिकेत क्वालिफायिंगला जो लाल झेंडा आणतो त्याच्या सर्वात चांगल्या वेळा रद्द होतात. एफ-वनमध्ये गाडी ठोकली तरी आधीची वेळ कायम राहते, आणि मागून येणाऱ्याचा चांगला लॅप फुकट जातो. बाकूत तर हा नियम आधी हवा.

आर्वीचा पिटवॉल

मुद्दाम ठोकणाऱ्याला मिळेल ती शिक्षा द्या. पण प्रामाणिकपणे मर्यादेवर चालवताना भिंतीला लागलेल्याची वेळ काढून घेतली तर सगळे तिथे वेग कमी करतील. मी गल्लीसाठी भांडतोय ते तिथे कोणीतरी पूर्ण जोर लावावा म्हणूनच.

दिग्रसकर

आणि मी भांडतोय तो मागून येणाऱ्यासाठी. त्यानेही पूर्ण जोरच लावलेला असतो, त्याची वेळ कोण परत देणार?